सीरियस माणसाले हार लागत नाई

माझा पहिला मोबाइल मी फारसा वापरला नाही. तो वापरला आमच्या घरमालकांनी. पैसे माझे, नंबर माझा, आणि फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "काकाजी हायेत का?"

आता सांगताना याची गंमत वाटते. तेव्हा वाटत नसे. खरं सांगायचं तर त्या वर्षांत कशाचीच फार गंमत वाटत नसे. मूर्तिजापूरच्या एका विनाअनुदानित शाळेत मी मास्तर होतो. अनुदान येणार, येणार, असं ऐकत केस पिकायला लागले होते. सकाळी उन्हात सायकल हाणत शाळेत जायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन पंख्याकडे पाहत पडायचं, आणि पंखा बंद पडला की भारनियमनाला शिव्या द्यायच्या, असा दिवस जायचा. असा माणूस मोबाइल घेतो तो हौसेनं नाही.

मी तो घेतला वडिलांसाठी. वडील शेंदूरजनाघाटला माझ्या चुलतभावाकडे राहत. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस, म्हातारपणी दम्यानं बेजार झालेला. आई गेली तेव्हा मी पोचलो नव्हतो. निरोप उशिरा आला, अमरावतीला वरुडची बस चुकली, आणि मी गावात शिरलो तेव्हा माणसं सगळं आटोपून परत येत होती. आईचं तोंड मी पाहिलं नाही. वडिलांच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी त्या काळात मनाशी ठरवलेली होती. बाकी काही ठरवण्याची उमेद नव्हती. म्हणून अकोल्याला जाऊन, दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेला एक फोन घेऊन आलो. तो खिशात ठेवला की सदरा एका अंगाला लोंबायचा. वर बोटाच्या पेराएवढी शेंडी होती आणि रेंज नसली की ती धरून मी अंगणभर फिरायचो.

आमच्या हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, की शाळेत मोबाइल आणायचा नाही. विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होतं, असं कारण दिलं. खरं कारण त्यांच्याकडे मोबाइल नव्हता हे होतं. मग फोन खोलीवर ठेवणं भाग पडलं, आणि खोलीवर ठेवायचा तर वाजल्यावर उचलणारं कोणी पाहिजे. अशा रीतीनं तो घरमालकांच्या ओसरीत, देवळीत, चार्जरला टांगून राहू लागला. मी त्यांना सांगितलं होतं, की काकाजी, शेंदूरजन्याहून फोन आला तर तेवढा निरोप घ्या. ते म्हणाले, "घेतो ना जी. मले का कान नाईत?"

काकाजी हारवाले होते. गावाबाहेर त्यांची थोडी बागायत होती. त्यात झेंडू, शेवंती, गुलछडी. शेताचं मुलगा पाहायचा, पहाटे फुलं तोडायला सून जायची, आणि काकाजी दिवसभर ओसरीत बसून हार ओवायचे. उंच, हाडकुळा माणूस. लुंगी, बाह्यांचं बनियन, आणि ओठात दोऱ्याचं टोक. समोर ओल्या गोणपाटाखाली फुलं झाकलेली. त्यांचे हात सदा ओले असायचे, त्यामुळे फोन वाजला की ते स्वतः त्याला हात लावत नसत. सुनेला हाक मारायचे. सून येऊन फोन त्यांच्या कानाला लावून उभी राहायची आणि काकाजी ओवता ओवता बोलायचे. मी घरी असलो की ते काम माझ्याकडे यायचं. एम.ए. बी.एड. झालेला मी, अर्धा अर्धा तास त्यांच्या कानाशी फोन धरून उभा राहिलो आहे. मध्येच हात अवघडला म्हणून बदलायला गेलो, तर मान तिकडे वळवून मोठ्यानं म्हणायचे, "थांब बे, इकडं मास्तर हालून राहिले."

हॅलो हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. मिस कॉलचा त्यांना भयंकर राग. तेव्हा सगळं गाव मिस कॉलवर चालायचं. पोचलो तर एक मिस कॉल, मोटरीची लाइन आली तर मिस कॉल. काकाजींचं म्हणणं असं, की दारात उभं राहून हाक मारायची आणि आपण बाहेर आलो की पळून जायचं, हे काय माणसाचं वागणं झालं? एकदा ज्यानं मिस कॉल दिला त्याला त्यांनी माझ्या बॅलन्समधून उलट फोन लावायला सांगितला, आणि त्याला विचारलं, "काहून वाजवला? काम नाई तर वाजवला काहून?" तो बिचारा माझाच मित्र होता. चित्रपटाला येतो का म्हणून विचारत होता.

एके दिवशी शाळेतून परत येतो तर घराच्या भिंतीवर तेलरंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: हार, वेण्या, गजरे मिळतील, आणि खाली माझा नंबर. मी सायकल तशीच धरून उभा राहिलो.

"काकाजी, हे काय?"

"कोनतं?"

"हे. माझा नंबर आहे हा."

"मंग? माहा कुठून आनू? मले फोन हाय का?"

"अहो, पण मला विचारायचं तरी."

"तुमी शाळेत होते," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून जरा मऊ झाले. "पुसून टाकतो, मास्तर. पन रंग वाळू द्या आदी. ओला पुसला का भिताड खराब होते."

वाळल्यावर तो कुणीच पुसला नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. भांडायलासुद्धा अंगात थोडी ऊब लागते.

पण काकाजींची गावभर ख्याती होती ती या सगळ्यामुळे नाही. ती होती त्यांच्या एका प्रश्नामुळे. कुणी घाबऱ्या आवाजात हाराची ऑर्डर दिली, की ते दोरा ओठातून काढायचे आणि विचारायचे, "हायेत का गेले?"

आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. बाप गेला, भाऊ गेला, तरी फोनवर सांगायचं ते, "सीरियस हायेत, लवकर या." ऐकणाऱ्यालाही ते कळतं. तो रडत नाही, काही विचारत नाही, पिशवीत कपडे कोंबतो आणि गाडीत बसतो. रस्ताभर शेजारच्याला सांगतो, की वडील सीरियस आहेत. गावाच्या फाट्यावर कोणी न्यायला आलेलं असतं. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवल्यावर मग रडायला मोकळं. खोटं बोलण्यातली ही माया आहे, आणि ती मोडणारा माणूस लोकांना आवडत नाही. काकाजी नेमकी ती मोडायचे. समोरच्यानं "सीरियस हायेत" म्हटलं, की हे म्हणायचे, "ते समजलं. पन हायेत का गेले? हायेत तर फोन ठुव अन् दवाखान्यात ने. गेले तर सांग, हाराले बसतो."

लोक चिडत. तुमच्या तोंडाले काई बुड हाय का, असं मी एका बाईला फोनवर म्हणताना ऐकलं. फोन माझ्याच हातात होता.

एकदा दर्यापूरकडच्या एका घरासाठी जीपमधून फोन आला. त्या घरचे आबाजी म्हणे सीरियस, आणि नातेवाईक अकोल्याहून जीप करून निघाले, वाटेत मूर्तिजापूरला थांबतील, मोठा हार तयार ठेवा. काकाजींनी प्रश्न विचारला. जीपवाला म्हणाला, सांगितलं ना सीरियस आहेत म्हणून. काकाजी म्हणाले, "मंग मी नाई बनवत. सीरियस माणसाले सलाइन लागते, हार लागत नाई." तो फोनवर वाट्टेल ते बोलला. काकाजींनी मला डोळ्यानंच फोन काढायला सांगितलं आणि पुढची शेवंती सुईत घातली.

त्या मंडळींनी स्टँडजवळून दुसऱ्याकडून हार घेतला आणि गेले. आबाजी बाजेवर बसून दूधभात खात होते. त्यांना रात्री झटका आला होता आणि सकाळी उतार पडला होता. ज्यानं फोन केला त्यानं खरोखरच सीरियस म्हणून फोन केला होता, आणि ज्यांनी ऐकला त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे ऐकला होता. बायका तर वेशीपासून गळा काढत आल्या होत्या. एवढा मोठा हार जीपमध्ये, तो लपवायचा कुठे? कुणीतरी म्हणालं, आबाजी, तुमच्या सत्काराले आनला. आबाजींनी तो गळ्यात घातला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही. पुढे हिंडूफिरू लागल्यावर ते मुद्दाम आमच्या ओसरीत आले. काठी टेकून बसले, आणि काकाजींकडे बराच वेळ पाहत म्हणाले, "माहा हार ज्यानं नाई बनवला तो तूच का बे?" त्या दिवशी काकाजींनी त्यांना चहा पाजला. काकाजी हसताना मी पाहिले ते त्या दिवशी, नंतर फार नाही.

कारण हसण्यासारखे दिवस नव्हते. कापसाचं काय चाललं आहे ते पेपरात रोज येत होतं. आमच्या ओसरीत ते वेगळ्या वाटेनं यायचं. लग्नं साधी होऊ लागली, नवरदेवाचा गुडघ्यापर्यंतचा हार छातीवर आला, जरी गेली, गुलाब गेले. दुसरे हार मात्र वाढले. त्यांना ना जरी लागते ना घासाघीस. पूर्वी काकाजी फोनवर गेलेल्याचं वय विचारायचे, म्हातारं माणूस असलं तर चार शब्द बोलायचे, सोनं झालं म्हणायचे. एका दिवाळीच्या सुमारास त्यांनी वय विचारणं बंद केलं. ऐकवत नाही, एवढंच म्हणाले. फोन वाजला की सून दचकायची, मी दचकायचो, गल्लीतली कुत्री तेवढी दचकत नसत. मी एकदा म्हटलं, काकाजी, तुमचा धंदा बरा चाललाय. म्हणायला नको होतं, पण मास्तरांच्या तोंडाला काही वळण नसतं. ते म्हणाले, "चालून राहिला, मास्तर. पन सुई हाती धराव वाटत नाई."

तो प्रश्न ते का विचारतात हे मला त्यांनीच सांगितलं. रविवारची दुपार होती. लाइन गेलेली. मी कडुनिंबाखाली बाज टाकून पडलो होतो आणि ते समोर ओवत होते. मी सहज म्हटलं, की लोक एवढे चिडतात तर विचारता कशाला? जो हार सांगेल त्याला हार द्यावा, मोकळं व्हावं.

त्यांनी सुईतली फुलं दोऱ्यावर सरकवली. मग म्हणाले, "माहे दादा अमरावतीले राहत होते. माह्याहून मोठे. बाप आमचा लवकर गेला, तं दादानंच केलं आमचं सारं. हे ओवनं त्यायनंच शिकवलं मले." दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला. "तवा मोबाइल कुठी होते. किराना दुकानात फोन आला, का दादा सीरियस हायेत, ये. मी समजलो काय समजाचं ते. म्हनलं, दादा गेले. आता दादाले कोनाच्या हातचा हार घालू? बजारचा? मी बसलो हाराले. शेतातली सारी गुलछडी तोडून आनली. असा हार मी उभ्या जन्मात नाई केला, मास्तर. एक गाडी गेली, म्हनलं जाऊ दे, हार अर्धा हाय. दुसरी गेली."

मी उठून बसलो.

"मी गेलो दिवस बुडता. हार घेऊन. वैनी दारात होती. हाराकडं पाहाले लागली. म्हने, भाऊजी, हे आत्ताच गेले. सकाळपासून तुमालेच इचारून राहिले होते, लहाना आला का, लहाना आला का." सुई झेंडूत अडकली होती, ती त्यांनी ओढून काढली. "हार बनवत बसलो मी. जित्या मानसाचा."

ते ओवत राहिले. लाइन आली, घरात पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला, तरी मी आत गेलो नाही.

त्यानंतर मीही त्यांना एक सांगून ठेवलं. माझ्या वडिलांबद्दल फोन आला तर विचारा. काहीही असलं तरी विचारा आणि मला सरळ सांगा. ते म्हणाले, हे सांगाव लागते का.

उन्हाळ्याच्या तोंडावर, शाळेत मधल्या सुट्टीनंतर मला शिपाई बोलवायला आला. हेडमास्तर खुर्चीतून उठून उभे होते. मी आत गेल्यावर हेडमास्तर उभे राहिले असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "सर, शेंदूरजन्याहून ऑफिसच्या फोनवर फोन होता. आपले वडील सीरियस आहेत."

मला काही विचारावंसं वाटलं नाही. इतके दिवस काकाजींच्या कानाशी फोन धरून उभा होतो, पण स्वतःवर आल्यावर मीही इतरांसारखाच झालो. वडील गेले, असं मी मनात म्हटलं आणि खुर्चीत बसलो. स्टाफ जमला. कुणी पाणी दिलं. बाईंनी पदर डोळ्याला लावला. एका सरांनी विचारलं, वय काय होतं? होतं, असं विचारलं त्यांनी, आणि मी सांगितलं. आता एवढ्या उन्हात एकट्यानं जाऊ नका, आम्ही दोघं सोबत येतो, घरी जाऊन जेवून निघू, असं ठरू लागलं. मी मान हलवत होतो. मला बसवत होते तिथं बसत होतो. हेडमास्तरांनी घंटा दिली, मुलं मैदानात रांगा करून उभी राहिली. हेडमास्तर गंभीर आवाजात म्हणाले, की आपल्या सरांना पितृशोक झाला आहे, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

तेवढ्यात फाटकातून लुना आली. काकाजी कधी शाळेत आले नव्हते. लुंगी तशीच, गळ्यात दोऱ्याचं बंडल तसंच, ओलं हिरवं पान बनियनला चिकटलेलं, आणि माझा फोन कानाशी नाही, मुठीत. एवढी मुलं गप्प उभी पाहून ते आधी जरा थबकले. मग त्यांना उमगलं.

"कोन मेलं बे?" ते ओरडले. "अरे, हायेत त्याचे बाबा! हायेत!"

मुलांच्या रांगा हलल्या. कुणीतरी हसलं. हेडमास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "काकाजी, अहो, फोनवर असंच सांगतात. तुम्हाला माहीत आहे."

"मी इचारलं ना!" काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून भराभर सांगू लागले. माझ्या चुलतभावानं गावच्या एसटीडी बूथवरून आधी मोबाइलवरच फोन केला होता. काकाजींनी विचारलं, हायेत का गेले. तो सीरियस सीरियस म्हणत राहिला. काकाजी म्हणाले, घरात जाऊन पाहून ये, मी धरतो. तो घाबरला आणि फोन ठेवून त्यानं शाळेचा नंबर फिरवला. शाळेत त्याला कुणी काही विचारलं नाही. इकडे काकाजींनी सुनेकडून त्याच बूथला उलट फोन लावला, बूथवाल्यालाच घरात पाठवलं, आणि तो परत येईपर्यंत धरून राहिले. "तो सोता पाहून आला. दम लागून राहिला, पन हायेत. पानी मागून राहिले. तुह्यं नाव घेऊन राहिले. चाल, ऊठ!"

इतकी वर्षं ते मला तुमी म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाले.

मला रडू फुटलं. श्रद्धांजलीत आलं नव्हतं ते तेव्हा आलं. लुनावर मागे बसून मी रडत होतो आणि ते पुढे मान न वळवता ओरडत होते, "रडू नोको, मंग रडजो! गाडी लागली असन!" फलाटावर त्यांनी मला डब्यात अक्षरशः ढकललं आणि खिडकीतून फोन माझ्या हातात दिला. तो पार ओला झालेला होता. बडनेऱ्याहून अमरावती, अमरावतीहून वरुड, वरुडहून एका संत्र्याच्या गाडीत उभा राहून गाव गाठलं. वाटेत एकदाही कुणाशी बोललो नाही. बोललो असतो तर तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही.

वडील होते. उशा लावून टेकवलं होतं, छाती भात्यासारखी चालत होती, पण डोळे उघडे होते. मला पाहून म्हणाले, "शाळा सोडून आला?"

मी सुट्टी आहे म्हणालो. थोडा दम ओसरल्यावर त्यांचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. "हाच का तो?" मी फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, शिवणीचं टोक तपासावं तसा अंगठा फिरवला आणि कानाला लावला. गावात रेंज नव्हती.

"कोनी बोलत नाई," ते म्हणाले.

"कोणी नाही लावलेला, बाबा."

"मंग ठेव. बॅटरी जाईन."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते गेले. माझा हात त्यांच्या पाठीवर होता. आईच्या वेळी जे झालं नाही ते यावेळी झालं, आणि त्याचं समाधान मोठं असतं की लहान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण असतं.

तेरवी करून मूर्तिजापूरला परत आलो. काकाजी ओवत होते. त्यांनी मान वर केली.

"होते ना?"

"होते."

"बोलले?"

"बोलले."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि गोणपाट बाजूला करून फुलं निवडू लागले. ते एवढंच बोलले, आणि त्याहून जास्त बोलले असते तर मला ऐकवलं नसतं.

पुढे शाळेला अनुदान मिळालं, मग मला अमरावतीची शाळा मिळाली, लग्न झालं, फोन बदलले. आताचा फोन तर इतका हलका, की खिशात आहे की नाही ते चाचपून पाहावं लागतं. काकाजींनी स्वतःचा फोन शेवटपर्यंत घेतला नाही. सुनेनं घेतला होता. सणावाराला मी त्यावर बोलायचो. सून कानाला लावून उभी असणार हे मला माहीत असायचं. "बोला मास्तर," ते म्हणायचे, आणि मग मीच बोलत राहायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला. मी दाढी करत होतो.

"मास्तर, मी बोलून राहिली. मामाजी गेले." काकाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणायची. तिचा आवाज बसलेला होता. "आत्ताच, सकाळी. मी ह्यायले म्हनलं होतं, मास्तरले सीरियस हायेत असंच सांगा. एवढ्या दुरून येतीन, रस्त्यानं एकटे रायतीन. पन मामाजीनं सांगून ठुलं होतं. मास्तरले सरळ सांगजा म्हने, त्यायले सवय हाय."

मी बरं म्हणालो. केव्हा नेणार ते विचारलं. दाढी पुरी केली, धुतलेला सदरा घातला. बायकोनं पोळीभाजी खाऊन जा म्हटलं तर बसून ती खाल्ली. धावपळ कशाची करायची? बडनेऱ्याच्या फलाटावर एक गाडी समोरून गेली, ती मी जाऊ दिली. पुढच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली.

शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. गाडी सुटल्यावर त्यानं माझ्याकडे एकदोनदा पाहिलं, आणि विचारलं, "कुठी जाऊन राहिले, भाऊ?"

"मूर्तिजापूरला. आमचे काकाजी आहेत तिथं."

"बरे हायेत ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणालो, "सीरियस आहेत."

त्यानं मान हलवली. जरा वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोचसान," तो म्हणाला. "पोचसान तुमी येळेवर."